रणजीतला वेगवान गोलंदाज

भारतात वेगवान गोलंदाज म्हणून नाव काढायला निघालेल्या बहुतेक मुलांची कारकीर्द रणजी करंडकापर्यंत पोहोचते आणि तिथेच पूर्ण होते. वर पोहोचणारे मोजके. त्यांच्या नावांमागे दहा-पंधरा हंगाम मान खाली घालून चेंडू टाकणाऱ्यांची मोठी फळी उभी असते. हा खेळ टिकून आहे तो या फळीमुळे, तरी तिच्याकडे क्वचितच कुणाचं लक्ष जातं.

वाट लांबलचक आहे. शाळा, क्लब, मग 16, 19 आणि 23 वर्षांखालील राज्य संघ आणि त्यानंतर रणजी. मुंबईत या वाटेवर कांगा लीग लागते. ऐन पावसाळ्यात, ओल्या आणि वेड्यावाकड्या उसळणाऱ्या खेळपट्ट्यांवर रंगणारी ही स्पर्धा 1948 पासून चालू आहे. कर्नाटकात बेंगळुरूचे क्लब आणि जिल्ह्यांचे विभाग आहेत. म्हैसूर हा त्यातला जुना आणि मानाचा. या शहराने भारताला जवागल श्रीनाथ दिला. म्हैसूरलाच इंजिनिअरिंग शिकलेल्या श्रीनाथने 1989-90 च्या हंगामात हैदराबादविरुद्ध रणजी पदार्पणातच हॅटट्रिक घेतली, दोन वर्षांत तो कसोटी संघात गेला आणि 236 कसोटी बळींवर थांबला. पण श्रीनाथ हा अपवाद. नेहमीची कारकीर्द कशी असते, हे कळतं ते म्हैसूरच्याच गंगोत्री ग्लेड्स मैदानावर झालेल्या एका सामन्यातून.

जानेवारी 2010 मध्ये तिथे मुंबई आणि कर्नाटक यांच्यात रणजीची अंतिम लढत झाली. विद्यापीठाच्या परिसरातलं हे झाडांनी वेढलेलं मैदान. मुंबईच्या 233 धावांना उत्तर देताना कर्नाटकचा डाव आविष्कार साळवीच्या माऱ्यापुढे 130 धावांत आटोपला. दुसऱ्या डावात वीस वर्षांच्या अभिमन्यू मिथुनने मुंबईचे सहा गडी टिपले. मुंबई 234 पर्यंत गेली, तीही एकवीस वर्षांच्या धवल कुलकर्णीने बॅट हाती घेऊन काढलेल्या 87 धावांच्या जोरावर. कर्नाटकसमोर लक्ष्य 338 चं. मनीष पांडेने 144 धावा केल्या तेव्हा पारडं कर्नाटककडे झुकलं होतं. पण अजित आगरकरने पाच बळी घेतले आणि 331 वर डाव संपला. सहा धावांनी मुंबई जिंकली. रणजीच्या इतिहासात इतक्या चुरशीचे अंतिम सामने फार थोडे आहेत.

त्या दिवशी समोरासमोर असलेल्या दोन तरुणांचं पुढे काय झालं, हे बघण्यासारखं आहे. मिथुन मुळात थाळीफेक करणारा. लेदरचा चेंडू त्याने हातात घेतला तो वयाच्या सतराव्या वर्षी. म्हैसूरच्या सामन्यानंतर सहा महिन्यांत तो गॉलला कसोटी खेळला. एकूण चार कसोटींत त्याला नऊ बळी मिळाले. मग तो परत कर्नाटककडे आला आणि 2021 मध्ये निवृत्त होईपर्यंत 103 प्रथम श्रेणी सामन्यांत 338 बळी घेऊन गेला. धवलची सुरुवात आणखी भरघोस होती. 2008-09 च्या पहिल्याच हंगामात 42 बळी घेतल्यावर त्याला भारतीय संघाबरोबर न्यूझीलंडला नेण्यात आलं, पण तिथे कसोटी खेळायला मिळाली नाही. ती पुढेही कधी मिळाली नाही. बारा एकदिवसीय सामने, दोन टी-20, आणि बाकी सगळं मुंबईसाठी. मार्च 2024 मध्ये वानखेडेवर विदर्भाविरुद्धच्या अंतिम सामन्यात कर्णधार अजिंक्य रहाणेने शेवटी चेंडू त्याच्या हाती दिला. धवलने उमेश यादवचा त्रिफळा उडवला, मुंबईचं बेचाळिसावं विजेतेपद पक्कं झालं आणि तो निवृत्त झाला. या कारकिर्दीला अपुरी म्हणणं चूक ठरेल.

अशी पंधरा वर्षं शरीर टिकवणं हेच सगळ्यात अवघड काम. चेंडू सोडताना पुढचा पाय जमिनीवर आपटतो तेव्हा शरीराच्या वजनाच्या कित्येक पट जोर पायावर येतो आणि पाठीच्या कण्याला पीळ बसतो. दिवसाला वीस षटकं म्हणजे हा आघात एकशे वीस वेळा. कमरेच्या मणक्याचं स्ट्रेस फ्रॅक्चर हे तरुण गोलंदाजाचं ठरलेलं दुखणं. त्यात अख्खा हंगाम जातो. साळवी 2003 मध्ये चार एकदिवसीय सामने खेळला आणि दुखापतींनी त्याला मागे ओढलं.

पैशाचं गणित आता सुधारलं आहे. 2021 मध्ये बीसीसीआयने ठरवलेल्या दरांनुसार चाळीसहून अधिक सामने खेळलेल्याला दिवसाला 60,000 रुपये, एकवीस ते चाळीस सामने झालेल्याला 50,000 आणि त्याहून कमी अनुभव असलेल्याला 40,000 मिळतात. राखीव खेळाडूंना निम्मे. त्याआधीच्या पिढ्यांनी बँका, रेल्वे आणि तेल कंपन्यांतल्या नोकऱ्यांवर संसार केले. तरीही खेळलेल्या दिवसाचेच पैसे मिळणार, त्यामुळे दुखापत खिशालाही लागते.

अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये मायनर लीगचे, म्हणजे खालच्या लीगमधले, पिचर (चेंडू फेकणारे) याच अवस्थेत असतात. तिथे चार पायऱ्या असतात आणि बहुतेकजण वरच्या लीगपर्यंत पोहोचत नाहीत. 2008 मध्ये उत्तर प्रदेशातले भालाफेकपटू रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांना पिट्सबर्ग पायरेट्स या बेसबॉल संघाने पिचर म्हणून करारबद्ध केलं. दोघेही खालच्या पायऱ्यांवर खेळले. पटेल लवकर परतला, तर रिंकूची वाट हाताच्या दुखापतींनी अडवली.

निवृत्तीनंतर या गोलंदाजांचं ज्ञान प्रशिक्षणात उतरतं. खगोलभौतिकीत पीएचडी केलेला साळवी ओमान आणि पंजाबच्या संघांबरोबर काम करून पुढे भारतीय महिला संघाचा गोलंदाजी प्रशिक्षक झाला. रणजीत धावांचे डोंगर रचूनही भारताकडून न खेळलेला अमोल मुजुमदार त्या संघाचा मुख्य प्रशिक्षक होता. नोव्हेंबर 2025 मध्ये नवी मुंबईत या संघाने विश्वचषक जिंकला.