डब्यातला रंग, पद्मिनीचा पत्रा

गाडी : फियाट 1100वर बेतलेली, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली. ‘पद्मिनी’ हे नाव 1970च्या दशकातले.

स्प्रे रंग : एडवर्ड सेमूर, अमेरिका, 1949. पहिला रंग ॲल्युमिनियमचा.

वन-के (एकाच घटकाचा रंग) : हवेत वाळतो, हार्डनर नाही. पेट्रोल सांडले तर मऊ पडू शकतो.

टू-के (रंग आणि हार्डनर असे दोन घटक) : डब्याच्या बुडाची कळ दाबली की आत हार्डनर मिसळतो. मग रंग साधारण एक-दोन दिवसांतच संपवावा लागतो. थर टणक, पेट्रोलला दाद न देणारा. पण हार्डनरमधले आयसोसायनेट फुप्फुसांना घातक. कापडी मास्क अजिबात चालत नाही. योग्य रेस्पिरेटर, हातमोजे आणि मोकळी हवा हवीच.

जुना रंग ओळखा : आतल्या कोपऱ्यात थिनरचा बोळा घासा. रंग उतरला तर बहुधा लॅकर. जुन्या एनॅमलवर थेट लॅकर मारल्यास खालचा थर सुरकुततो, सगळा खरवडावा लागतो.

क्रम : गंज काढणे, पुट्टी, प्रायमर, 600 नंबरचा वॉटर पेपर, रंग, वर पारदर्शक क्लिअर.

हात : डब्यातली गोळी खुळखुळू लागल्यावर तो आणखी दोन मिनिटे हलवा. अंतर 20 ते 30 सेंटीमीटर. फवारा पत्र्याच्या बाहेर सुरू, बाहेरच बंद. प्रत्येक पट्टा आधीच्यावर निम्मा चढवा. हात थांबला की ओघळ. पातळ थर द्या, मध्ये 10-15 मिनिटे.

हवा : पावसाळ्यात लॅकर पांढुरका पडतो. डबा 50 अंशांवर तापू देऊ नका.

आरसी : रंगाची नोंद असते. छटा बदलण्याआधी आरटीओत विचारा.