सांगायची राहिलेली गोष्ट

एका कन्नड लोककथेतील गृहिणीस एक गोष्ट आणि एक गाणे ठाऊक होते. पण ती ते कुणालाच ऐकवीत नसे. कोंडलेली ती दोघे तिच्या मुखातून निसटली. गोष्टीने जोड्यांचे, गाण्याने अंगरख्याचे रूप घेतले. ‘घरी कोण आले?’ या संशयाने रुष्ट झालेला पती मारुतीच्या देवळात निजला. तेथे गावातील विझलेल्या दिव्यांच्या ज्योती गप्पांना जमत. त्यांच्याकडून त्याला सत्य कळले.

ए. के. रामानुजन यांच्याकडून ऐकलेल्या लोककथांवर गिरीश कार्नाड यांनी ‘नागमंडल’ हे नाटक रचले. त्यात त्या ज्योती आहेतच. शिवाय गोष्ट स्वतः स्त्रीरूपाने येते आणि नाटकाला एकाहून अधिक शेवट मिळतात. जुनी कथा नव्या लेखकाला एवढी मोकळीक देते!

आम्हांस मात्र त्या लोककथेचा शेवट अधिक अस्वस्थ करतो. पतीने घरी परतून गोष्टीविषयी विचारले, तेव्हा गृहिणीला ती आठवेना.