आधी नीट सांगता आलं पाहिजे!

तहसील कचेरीबाहेर टेबल टाकून बसलेले अर्जनवीस तुम्ही पाहिले असतील. गोंदिया असो, आमगाव असो की देवरी, अर्ज लिहून घ्यायचा तर त्यांच्यापुढे उभं राहायचं. पण अर्जनवीस लगेच लिहायला घेत नाहीत. आधी विचारतात : बाई, नाव काय? गाव कोणतं? अर्ज कुणाच्या नावे? काय झालं, कधीपासून? आणि तुम्हाला हवंय काय? एवढ्या प्रश्नांची उत्तरं मिळाली की दहा मिनिटांत अर्ज तयार.

मैत्रिणींनो, आता एक नवा अर्जनवीस आपल्या मोबाइलमध्येच येऊन बसलाय. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅट जीपीटी सगळ्यांसाठी खुलं झालं. जून २०२४ मध्ये गूगलचं जेमिनी ॲप भारतात आलं, तेही मराठी धरून नऊ भारतीय भाषांत. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपमध्ये मेटा ए.आय. दिसू लागलं. ही यंत्रं अर्ज लिहितात, बचत गटाच्या मालाची जाहिरात करून देतात, मुलीच्या भाषणाचा मसुदा बनवतात. साध्या कामाला पैसेही पडत नाहीत.

पण जुन्या अर्जनवीसात आणि या नव्यात एक मोठा फरक आहे. हा नवा बहुतेक वेळा काही विचारतच नाही! अर्धवट सांगितलं तरी पानभर लिहून मोकळा होतो. जे आपण सांगितलं नाही, ते स्वतःच्या अंदाजानं भरतो. म्हणून ते सगळे प्रश्न आता आपणच आपल्याला विचारायचे आणि उत्तरं त्याला एकदम द्यायची. या सांगण्यालाच ‘प्रॉम्प्ट’ म्हणतात. शब्द इंग्रजी आहे, पण काम आपल्या रोजच्या सवयीचं आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, वॉर्डातला हातपंप बंद आहे. आपण लिहिलं, ‘हातपंप बंद आहे, अर्ज लिहून द्या.’ काय मिळेल? ‘पाणी हे जीवन आहे’ वगैरे गोड गोड वाक्यं, आणि गाव, वॉर्ड, तारीख यांच्या जागा रिकाम्या. वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळणार नाही.

आता असं सांगून पाहा : ‘सरपंचांना मराठीत अर्ज लिहा. आमच्या वॉर्ड क्रमांक २ मधला हातपंप १५ दिवसांपासून बंद आहे. ३० घरांतल्या बायका अर्ध्या किलोमीटरवरून पाणी आणतात. दोनदा तोंडी सांगितलं, दुरुस्ती झाली नाही. मागणी एकच, ८ दिवसांत दुरुस्ती करावी. भाषा नम्र पण ठाम हवी. १५ ओळींपेक्षा जास्त नको. मी सांगितलं नाही ते मनानं घालू नका.’

बघा, यात कुणाला, काय, कधीपासून, किती, मागणी कोणती आणि भाषा कशी हे सगळं आलं. शेवटचं वाक्य तर फारच महत्त्वाचं. ते लिहिलं की यंत्र मनाची भर बरीच कमी घालतं. तरीही अर्ज एकदा पूर्ण वाचायचा, मगच सही करायची आणि ग्रामपंचायतीतून पोच घ्यायला विसरायचं नाही. टाइप करणं अवघड वाटतं? माइकचं चिन्ह दाबा आणि बोला. नंतर उमटलेले शब्द मात्र तपासून घ्या.

दुसरी गोष्ट आपल्या बोलीची. आपल्याकडे शेतात धान, गिरणीतून येतो तो तांदूळ आणि ताटात भात. पण कोकणात नि पश्चिम महाराष्ट्रात उभ्या पिकालाही भातच म्हणतात. आपण ‘रोवणी’ म्हणतो, तिकडे ‘लावणी’. ही यंत्रं लिहिलेल्या मजकुरावर शिकलेली आहेत, आणि लिहिलेली मराठी बरीचशी पुस्तकी, वर्तमानपत्री. आपली झाडीबोली त्यात फारच थोडी. म्हणून आपला शब्द टाकून देऊ नका, त्याचा अर्थ सांगून टाका : ‘बोडी म्हणजे शेतासाठी पाणी साठवायचं लहान तळं’, ‘बांधी म्हणजे धानाच्या शेतातला बांध घातलेला तुकडा.’ मग पुढचं उत्तर बरंच जुळून येतं. आपल्या जिल्ह्यात गोंडी बोलणारी घरंही आहेत. केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयानं सप्टेंबर २०२५ मध्ये ‘आदि वाणी’ हे भाषांतराचं ॲप सुरू केलं, त्यात गोंडीचा समावेश आहे.

तिसरी युक्ती आपल्याला शिंप्याकडून ठाऊक आहे. नवा ब्लाउज शिवायला टाकताना आपण मापाला जुना ब्लाउज देतोच ना? तसाच नमुना इथेही द्यायचा. समजा, बचत गटाला सुवासिक चिन्नोर तांदूळ विकायचाय. ‘तांदळाची जाहिरात द्या’ एवढ्यावर थांबू नका. मागे चांगली चाललेली एखादी जाहिरात असेल तर ती द्या आणि म्हणा, ‘या धर्तीवर लिहा. गिऱ्हाईक नागपूरच्या नोकरदार बायका. पिशव्या ५ आणि १० किलोच्या. भाव हा, मागणीचा शेवटचा दिवस हा. सगळं ६० शब्दांत.’ पहिलं उत्तर पसंत पडलं नाही तर ब्लाउज पुन्हा फिटिंगला देतो तसं सांगा, ‘दुसरं वाक्य काढा, भाव वर घ्या, भाषा साधी करा.’ यंत्र कंटाळत नाही, तुम्हीही संकोच करू नका. बोलणाऱ्याची बोरं विकतात, हे काही उगीच म्हणत नाहीत!

आता धोक्याचं बोलू. हे यंत्र माहीत नसलेलंही छातीठोकपणे सांगतं. मुंबई उच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२५ मध्ये प्राप्तिकराचा एक आदेश रद्द केला. त्यात आधार म्हणून दिलेले जुने निकाल मुळात अस्तित्वातच नव्हते. यंत्रानं काढून दिलेली माहिती पडताळल्याशिवाय वापरू नका, अशी समज न्यायालयानं दिली. साहेबांच्या कचेरीत असं होतं, तर आपण सावध राहायलाच हवं. योजनेच्या अटी, शेवटची तारीख, अनुदानाची रक्कम यांची खात्री कचेरीतच करा. औषधाची मात्रा डॉक्टरांनाच विचारा. आणि आधार क्रमांक, बँक खातं, ओटीपी यातलं काहीही त्यात लिहू नका. अर्जात ती जागा कोरी ठेवा, नंतर स्वतःच्या हातानं भरा.

या सगळ्याचा खरा फायदा मात्र अर्जापुरता नाही. आजवर कितीतरी बायकांचं म्हणणं दुसऱ्याच कुणीतरी लिहिलं. पगाराची थकबाकी असो, पेन्शन असो की माहेरच्या जमिनीतला हिस्सा, दीर, भाऊ किंवा ओळखीतला कुणी जे लिहील ते लिहील आणि आपण अंगठा किंवा सही करून द्यायची. यंत्राला सांगायला बसलं की आधी स्वतःला उत्तर द्यावं लागतं : माझं नेमकं म्हणणं काय? मला हवंय काय? हे ज्या बाईला चार ओळींत सांगता येतं, ती कचेरीच्या खिडकीशीही तसंच सांगू शकते. तिथे मोबाइल नसला तरी चालतं.

तेव्हा या आठवड्यात घरातलं एखादं राहिलेलं काम निवडा. आधी वहीत पाच ओळी लिहा : कुणाला, काय, कधीपासून, किती आणि मागणी कोणती. मगच मोबाइल हातात घ्या. करून तर पाहा!