काटेरी तार : निसर्गाच्या कुंपणाची नक्कल

सागरगोटा, चिलार किंवा करवंद यांचे कुंपण शेताला असले म्हणजे गुरे आत शिरत नाहीत. वास्तविक बैलाला बळाने अडवून धरण्याची ताकद काट्यात नसते. परंतु एकदा टोचलेले जनावर पुन्हा तेथे अंग रेटीत नाही. काट्याचे सामर्थ्य इजेत नसून इशाऱ्यात आहे. याच गुणाची नक्कल म्हणजे काटेरी तार होय.

अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या गवताळ माळरानावर एकोणिसाव्या शतकात कुंपणासाठी लाकूड व दगड यांचा तुटवडा होता. शेतकरी ओसेज ऑरेंज नावाची काटेरी झाडे बांधावर लावीत. पण ती दाट होण्यास तीन-चार वर्षे लागत. साधी तार लवकर उभी राही. मात्र गुरे तिच्यावर रेलत व ती सैल पडे. १८६८ साली मायकेल केली यांनी तारेलाच काट्यांची जोड देण्याच्या युक्तीचे पेटंट घेतले. पुढे १८७४ साली डी काल्ब येथील शेतकरी जोसेफ ग्लिडन यांनी एका तारेवर काटे गुंडाळून तिला दुसऱ्या तारेचा पीळ देण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. त्यामुळे काटे जागच्या जागी आवळून बसले. आजची काटेरी तार मुख्यतः याच पद्धतीची आहे.

तथापि, ही नक्कल अपुरी आहे. तार गंजते आणि तुटल्यास आपणच जोडावी लागते. जिवंत कुंपण नव्या फुटव्यांनी खिंडार भरून काढते व वाराही अडविते. म्हणून तार ओढल्यावर पावसाळ्याच्या आरंभी तिच्यालगत सागरगोट्याचे बी लावावे. त्याचे कवच फार कठीण असते. ते थोडे घासून बी पाण्यात भिजवावे, म्हणजे उगवण सुलभ होते. तार जुनी होईपर्यंत झुडपे दाट होतात.

रानडुकरांच्या उपद्रवामुळे काही ठिकाणी कुंपणाच्या तारेत घरगुती विजेचा प्रवाह सोडतात. हे बेकायदेशीर असून त्यात माणसे व गुरे प्राणास मुकतात. प्रमाणित झटका यंत्र साध्या तारेतून क्षणभराचा मोजका धक्का देते; ते काट्याच्या तत्त्वाशी जुळते. काटेरी तारेस मात्र तेही जोडू नये, कारण तीत अडकलेल्या जिवाला सुटता येत नाही. कुंपणाने इशारा द्यावा, जीव घेऊ नये, ही गोष्ट ग्रामसेवकांनी प्रत्येक शेतकऱ्यास समजावून द्यावी.