समुद्राच्या पोटात, कोरड्या कपड्यांनी!

मला पोहता येत नाही. पाणी कमरेच्या वर गेलं की माझी हवा टाइट! त्यामुळे पर्थमधली मैत्रीण 'वीकेंडला बसलटनला जाऊ, समुद्राखाली उतरू' म्हणाली तेव्हा मी सरळ नाही म्हणून टाकलं. ती ऐकतेय थोडीच!

पर्थच्या दक्षिणेला अडीच तासांचा ड्राइव्ह. समोर जेट्टी दिसते आणि संपतच नाही. लांबी 1841 मीटर, तीही लाकडी खांबांवर! किनारा इतका उथळ, की जहाजं जवळ येऊच शकायची नाहीत. म्हणून 1865 मध्ये ती बांधली आणि पुढे वाढवत नेली. 1972 मध्ये बंदर बंद झालं. 1978 च्या 'अल्बी' चक्रीवादळाने तिचा मोठा भाग नेला. पाडूनच टाकायची वेळ आली होती. पण गावकरी हट्टाला पेटले, पैसे जमवले आणि जेट्टी वाचली.

टोकापर्यंत छोटी ट्रेन जाते. आम्ही चालत गेलो. तिथे 2003 मध्ये सुरू झालेली ऑब्झर्व्हेटरी आहे. गोल जिन्याने आठ मीटर खाली. पाय लटपटत होते. आणि मग ती खिडकी! जुन्या खांबांवर रंगीबेरंगी पोवळी, स्पंज, मधूनच माशांचे घोळके. ल्युविन प्रवाह उत्तरेकडून कोमट पाणी आणतो, म्हणून इतक्या दक्षिणेलाही पोवळी टिकतात. एक मासा काचेशी येऊन माझ्याकडे बघत राहिला. भीती कधी गेली, कळलंच नाही.

जाणार असाल तर ऑब्झर्व्हेटरीचं तिकीट आधीच काढा. मी? मुंबईत परतल्यावर पहिलं काम केलं, स्विमिंग क्लासचा फॉर्म आणला!