पुडीचा भाव कोण ठरवतो?

पनवेलला लागून आणि नव्या विमानतळाच्या शेजारी असलेला करंजाडे हा सिडकोचा नोड तंबाखूसाठी प्रसिद्ध नाही. इथे तंबाखू पिकत नाही, विडी वळली जात नाही. तरीही तंबाखूच्या बाजाराचा विचार करायला ही जागा सोयीची आहे. एका बाजूने राष्ट्रीय महामार्ग ४८ जातो. तो उत्तरेला वापीमार्गे गुजरातेत आणि दक्षिणेला कोल्हापूर-निपाणीमार्गे कर्नाटकात उतरतो. पनवेलहूनच गोव्याचा रस्ता फुटतो. थोडे पुढे न्हावा-शेवा बंदर आहे, जिथे महसुली गुप्तवार्ता संचालनालयाने परदेशी सिगारेटींचे कंटेनर वेळोवेळी पकडले आहेत. या टापूतल्या कोणत्याही पानटपरीवर मिळणाऱ्या मालाला सरकारी नियमांचे चार वेगवेगळे धागे चिकटलेले असतात: सिगारेटीवर लांबीनुसार कर, विडीवर सवलतीचा कर, तंबाखूच्या पानावर जवळजवळ काहीच नाही आणि गुटख्यावर सरळ बंदी. तंबाखूच्या नियमनाचा जाहीर हेतू एकच, लोकांनी तंबाखू कमी खावी-ओढावी. चारही नियमांचे परिणाम मात्र चार दिशांना गेले. माझ्या मते याचे कारण नियमाच्या कडकपणात शोधण्यात अर्थ नाही. नियमन कोणतेही असो, ते माल महाग करतेच. त्या महागाईचा पैसा कोणाच्या खिशात जातो आणि गिऱ्हाइकाला शेजारी स्वस्त पर्याय सापडतो का, या दोन गोष्टींवर सगळे ठरते.

आधी मागणीचे बघू. व्यसनाचा माल असल्यामुळे भाव वाढला तरी माणूस घ्यायचे सोडत नाही, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने मांडलेला ठोकताळा असा, की कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत किंमत १० टक्के वाढली तर खप साधारण ५ टक्के घटतो. म्हणजे मागणी ताठर आहे, पण हलत नाही असे नाही. शिवाय ती सर्वांत जास्त हलते तरुणांची आणि गरिबांची, कारण त्यांच्या खिशाला एकेक रुपया लागतो. याच ताठरपणामुळे तंबाखू हे अर्थमंत्र्यांचे आवडते पीक ठरते: कर वाढवला की खपही थोडा घटतो आणि महसूलही वाढतो. पण त्यात एक अट दडलेली असते. सगळ्या प्रकारच्या तंबाखूवर भार सारखा पडला तरच खप घटतो. नाहीतर तो फक्त जागा बदलतो.

सिगारेटीच्या बाबतीत ही अट पाळली गेलीच नाही. आपल्याकडे सिगारेटीवरचा कर दर हजार कांड्यांमागे आणि लांबीप्रमाणे आकारला जातो. ६५ मिलिमीटरच्या खाली एक पायरी आहे, म्हणून कारखान्यांनी ६४ मिलिमीटरच्या सिगारेटी काढल्या. एका मिलिमीटरने कर वाचतो आणि गिऱ्हाईकही टिकते. यात बेकायदा काही नाही. पायरी ठेवली की बाजार तिच्यावरच येऊन बसणार. १ फेब्रुवारी २०२६ पासून जीएसटीचा भरपाई उपकर जाऊन सिगारेटीवर ४० टक्के जीएसटी आणि लांबीप्रमाणे हजारी २,०५० ते ८,५०० रुपये उत्पादन शुल्क आले. भार वाढला, पायऱ्या राहिल्या. सुट्या विक्रीचेही तसेच. महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये सुटी सिगारेट आणि सुटी विडी विकायला बंदी घातली. पाकिटावरचा ८५ टक्के जागा व्यापणारा इशारा सुट्या कांडीसोबत गिऱ्हाइकापर्यंत पोचत नाही, हे त्यामागचे कारण. अर्थशास्त्राच्या नजरेने हा नियम फार मोलाचा होता. दहा कांड्यांचे पाकीट घ्यायचे तर एकदम मोठी रक्कम मोजावी लागते, आणि कॉलेजातल्या मुलाला तीच अडवते. पण हा नियम टपरीवाल्याच्या पोटावर येतो, कारण सुट्या विक्रीत त्याला कांडीमागे जास्त सुटते. ज्याचे नुकसान होते त्याच्याच हाती अंमलबजावणी सोपवली, तर नियमाचे काय होणार हे वेगळे सांगायला नको.

विडीचा मामला याहून नाजूक आहे. सोलापूर, सिन्नर, निपाणी या पट्ट्यात विडी हा बायकांच्या हातचा धंदा आहे. पाने आणि तंबाखू घरी आणायची, विड्या वळून कारखान्यात द्यायच्या, हजारी मजुरी घ्यायची. सोलापूरजवळ कुंभारीला कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगार महिलांसाठी दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, यावरून या श्रमशक्तीचा आकार कळतो. त्यांच्या रोजीरोटीच्या नावाने विडीला वर्षानुवर्षे करात सांभाळून घेतले गेले. जीएसटीपूर्वी वर्षाला वीस लाखांपर्यंत विड्या करणाऱ्याला उत्पादन शुल्क माफ होते. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने विडीचा दर २८ वरून १८ टक्के आणि तेंदूपानाचा १८ वरून ५ टक्के करायचे ठरवले. सिगारेट महाग आणि त्याच वेळी विडी स्वस्त. सिगारेट सोडणाऱ्या गरिबाला खाली उतरायला सरकारनेच शिडी लावून दिली, असे म्हटले तर ते कठोर वाटेल, पण खोटे नाही.

इथला आक्षेप उघड आहे: विडी महाग केली तर वळणाऱ्या बायकांनी काय करायचे? आक्षेप खरा आहे, म्हणूनच तो नीट तपासायला हवा. सवलतीचा पैसा या बायकांपर्यंत पोचतो का? हजारी मजुरी ठरते किमान वेतनाच्या अधिसूचनेने आणि संघटनेच्या ताकदीने. विडीवरचा कर कमी झाला म्हणून ती आपोआप वाढत नाही. उलट त्यांच्या कल्याणासाठी १९७६ च्या कायद्यान्वये जो उपकर विडीवर घेतला जाई, तो २०१७ मध्ये जीएसटी येताना रद्द झाला. दवाखाने, घरकुले, मुलांच्या शिष्यवृत्त्या ज्या झऱ्यावर चालत होत्या, तोच आटवला. कामगारांच्या नावाने कर कमी करायचा आणि कामगारांसाठी राखलेला उपकर मात्र काढून टाकायचा, यात कोणाची काळजी घेतली गेली? हजारी कर लावून त्यातला ठरावीक वाटा या बायकांच्या निवृत्तिवेतनाला आणि पर्यायी कामाला बांधून देता आला असता. अजूनही येईल.

नियमनाचा फायदा मधल्याने खाण्याचा प्रकार शेताच्या टोकालाही घडलेला आहे. तंबाखूच्या पानावर इंग्रज सरकारने १९४३ मध्ये उत्पादन शुल्क बसवले. शेतकऱ्याच्या मालाची मोजणी, नोंद आणि निरीक्षकाची फेरी त्यातून आली. १९७९ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री चरणसिंगांनी हे शुल्क काढले. शेतकरी सुटला असे वाटावे, तर दोनच वर्षांनी, १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये, निपाणीचे शेतकरी शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या नेतृत्वाखाली भावासाठी महामार्ग अडवून बसले आणि त्या आंदोलनाचा शेवट पोलिसांच्या गोळीबारात झाला. शुल्क गेले म्हणून पानाला भाव आला नाही, कारण भाव ठरवणारे व्यापारी मोजके होते. १९७५ च्या कायद्याने स्थापन झालेल्या गुंटूरच्या तंबाखू मंडळाने लिलाव उभे केले ते व्हर्जिनिया तंबाखूसाठी. निपाणीची विडी तंबाखू त्याच्या कक्षेबाहेरच राहिली. निपाणीचा महामार्ग म्हणजे आज करंजाड्याजवळून जातो तोच.

आता गुटखा. महाराष्ट्राने पहिली बंदी १ ऑगस्ट २००२ पासून पाच वर्षांसाठी घातली. दोन वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने गोदावत पान मसाला खटल्यात ती रद्द केली. अन्न भेसळ प्रतिबंधक कायद्याखाली राज्याला असा अधिकारच नाही, असे सांगून. अन्न सुरक्षा कायदा आल्यावर २०११ च्या विनियमांनी अन्नपदार्थात तंबाखू वा निकोटिन घालायला मनाई केली आणि त्या आधारे जुलै २०१२ मध्ये राज्यात पुन्हा बंदी आली, यावेळी गुटख्यासोबत पानमसाल्यावरही. पुढे सुगंधी तंबाखू, सुगंधी सुपारी, खर्रा, मावा हेही तिच्यात ओढले गेले. कायद्याच्या कलम ३० प्रमाणे असा आदेश एका वर्षापुरताच असतो, म्हणून तो दरवर्षी नव्याने काढावा लागतो. दरम्यान कारखानदारांनी साधा पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत भरून त्या जोडीने विकायला सुरुवात केली. गिऱ्हाईक दोन्ही फोडून तोंडात एकत्र करते. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये या पळवाटेवर बोट ठेवले.

बंदीने किंमत वाढली यात शंका नाही. पुडी छापील किमतीपेक्षा जास्त दराने जाते, कारण त्या दरात राज्याची सीमा ओलांडण्याची जोखीम, गोदामाचे भाडे आणि डोळेझाक करणाऱ्यांचा वाटा धरलेला असतो. अर्थशास्त्राच्या भाषेत बंदी हाही एक करच आहे. फक्त तो वसूल करणारा सरकारी नाही. आणि हा करवसुलीदार ज्या राज्यांत साधा पानमसाला कायदेशीर आहे तिथून कच्चा माल आणतो. बंदीमुळे पुरवठा कारखान्यातून निघून टेम्पोत, आणि टेम्पोतून टपरीवर मावा घोटणाऱ्या हातात गेला. तिथे ना इशारा, ना वजन, ना घटकांची यादी. दक्षिण आफ्रिकेने कोविडकाळात २७ मार्च ते १७ ऑगस्ट २०२० सिगारेटविक्री बंद ठेवली तेव्हा असेच झाले: किमती दुपटीहून वर गेल्या, बहुसंख्य ओढणाऱ्यांनी चोरट्या बाजारातून घेणे चालू ठेवले आणि सरकारचा महसूल तेवढा बुडाला. भूतानने २००४ पासून चालवलेली विक्रीबंदी २०२१ मध्ये सोडून दिली.

बंदीचे समर्थक आकडे दाखवतील, आणि ते आकडे नाकारता येत नाहीत. प्रौढांच्या तंबाखूवापराच्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्राचे एकूण प्रमाण २००९-१० मध्ये ३१.४ टक्के होते, ते २०१६-१७ मध्ये २६.६ टक्क्यांवर आले. पण त्याच्या आत शिरून पाहा. धूम्रपान ६.६ वरून ३.८ टक्क्यांवर आले, म्हणजे चाळीस टक्क्यांहून जास्त घट. तिथे बंदी नव्हती, कर, सार्वजनिक ठिकाणची मनाई आणि इशारे होते. धूरविरहित तंबाखू २७.६ वरून २४.४ टक्क्यांवर आली. बंदी जिथे होती तिथली घट प्रमाणाने कितीतरी लहान. यात गुटख्याबरोबर चुना-तंबाखू आणि घरी भाजून केलेली मिश्रीही मोजली जाते, हे लक्षात घेतले तरी मुद्दा बदलत नाही. उलट पक्का होतो. शेतकऱ्याकडून घेतलेल्या पानावर ५ टक्के जीएसटी असताना बंदी घातलेल्या पुडीला स्वस्त पर्याय दारातच मिळतो, आणि मिश्री लावणाऱ्या बाईपर्यंत तर कोणताच नियम पोचत नाही. तेव्हा बंदीचा उपयोग शून्य, असे मी म्हणत नाही. रंगीत माळा लटकवून शाळेसमोर गुटख्याची जाहिरात होत असे, ते थांबले; नव्याने सवय लागणाऱ्या मुलाच्या दृष्टीने हे मोठे आहे. पण त्याचे श्रेय दृश्य विक्री थांबण्याला आहे, आणि ते बंदीशिवाय परवान्यानेही साधता येते.

उलट बाजूचा आक्षेप सिगारेट कंपन्या नेहमी घेतात: कर वाढला की तस्करी वाढते, न्हावा-शेवाचे कंटेनर बघा. कंटेनर खरे आहेत. पण बंदरावर एक दार आहे, एक यंत्रणा आहे, माल कागदांसह येतो आणि पकडता येतो. टपऱ्यांचे तसे नाही. शिवाय कर चुकवणाऱ्या मालासाठी कर कमी करायचा हे मान्य केले, तर गुटख्याच्या तस्करीवरून तोच धडा बंदी उठवण्याचा घ्यावा लागेल, आणि तो या कंपन्याही जाहीरपणे मांडणार नाहीत.

या सगळ्यात सर्वांत विचित्र कागद दिल्लीतला आहे. देशातील बहुतेक राज्यांत गुटखा बंद असताना २०१७ च्या जीएसटी वेळापत्रकात त्याच्यावर २०४ टक्के भरपाई उपकर छापलेला होता. फेब्रुवारी २०२६ पासून गुटखा, जर्दा आणि खाण्याच्या तंबाखूवरचे उत्पादन शुल्क पुडी भरणाऱ्या यंत्रांची संख्या आणि वेग मोजून आकारले जाते. म्हणजे कोणत्या कारखान्यात किती यंत्रे आहेत आणि ती मिनिटाला किती पुड्या भरतात, हे आता केंद्राच्या दप्तरी आहे. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने ही नोंद मागवून विक्री कायदेशीर असलेल्या राज्यांतल्या खपाशी ताडून पाहिली, तर जास्तीच्या पुड्या महामार्गावरून कुठे उतरतात हे टपरीवर छापा न घालताही कळू शकेल.