मावळ्याच्या चेहऱ्यावर मशालीचा उजेड

दिवाळीच्या किल्ल्यावर मशाल घेतलेला मावळा हमखास असतो. पण त्या मशालीचा उजेड त्याच्याच चेहऱ्यावर पडलेला दिसत नाही! मातीच्या छोट्याशा चित्रावरही तो रंगवता येतो. ही किमया ग्लेझिंगची, म्हणजे पारदर्शक रंगाचे पातळ थर एकावर एक चढवण्याची.

त्यासाठी ॲक्रिलिक रंग घ्यावेत. पोस्टर कलर वाळल्यावरही पाण्याने सुटतो आणि दोन थरांचा चिखल होतो. माती पाणी शोषते, म्हणून आधी प्राइमरचा हात द्यावा. मग मावळा गडद रंगात रंगवावा. अंधार नसेल तर उजेड दिसणार कसा?

उजळतो तो ज्योतीसमोरचाच भाग : गाल, नाकाची एक बाजू, मनगट. अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाईवर येतो, हे विसरू नये. तेथे प्रथम फिकट पांढरा हात फिरवावा. मग पाण्यासारखा पातळ नारिंगी रंग घेऊन कुंचला कागदावर टिपावा व सावलीकडून ज्योतीकडे ओढावा. कुंचला उचलतो तिथे रंग अधिक साचतो. सर्वांत उजळ रंग मात्र ज्योतीलाच!

सावंतवाडीचे चित्रकार सा. ल. हळदणकर यांचे दिवा घेतलेल्या स्त्रीचे जलरंगातील चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. पुष्कळजण ते चुकून राजा रविवर्म्याचे समजतात. दिव्याचा उजेड बोटांतून कसा झिरपतो, हे त्यात पाहावे.

प्रत्येक थर पूर्ण वाळू द्यावा. तोवर मुलांनी तटबंदी लिंपावी!